बरं वाटण्याला घाबरणारे वैद्यबुवा

डोंबिवलीत आम्हाला जागा मिळाली ती मी थुंकले म्हणून.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेरची वर्षं होती. लग्नाला वर्ष झालं होतं. कल्याणला सासरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं राहत होतो. हे फोर्टात एका कचेरीत कारकून होते. कुणीतरी सांगितलं, डोंबिवलीला स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर, भातशेतांच्या कडेला एक वैद्य राहतात, त्यांच्या घराची मागची बाजू रिकामी आहे. म्हणून आम्ही बघायला गेलो.

घरमालक ओसरीवर बसले होते. खाली पंचा, वर बंद गळ्याचा लोकरी कोट, आणि महिना एप्रिलचा. त्यांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, ह्यांची नोकरीही विचारली नाही. दोघांच्या हातावर एकेक वाळकी काडी ठेवली आणि म्हणाले, "चावा. आणि कशी लागते ते सांगा."

ह्यांनी चावली. डोळ्यांत पाणी आलं तरी हे म्हणाले, "छान आहे. औषधी दिसते."

मी चावली, आणि जीभ जळल्यासारखी होऊन सरळ अंगणात थुंकले. "शी! मेलं विष आहे हे!"

ते काडेकिराईत होतं, कडूजहर. वैद्यबुवा उठले, आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्या तारखेपासून राहायला या. यांनाही आणा."

आमच्या आधी चार बिऱ्हाडकरू येऊन 'छान आहे' म्हणून गेले होते, हे मला मागाहून कळलं.

वैद्यकी त्यांच्या घराण्यात होती, पण दारावर पाटी नव्हती. रोगी येत, त्यातले निम्मे औषधाशिवाय परत जात. "तुम्हाला झोप पाहिजे, काढा नको," असं सांगून ते माणसाला वाटेला लावत. नवीन कुठलीही वनस्पती दुसऱ्याला देण्याआधी ती आठ दिवस स्वतः घ्यायची हा त्यांचा नेम होता. त्या आठ दिवसांत कधी त्यांचे ओठ सुजत, कधी पोट बिघडे, एकदा तर अंगभर गांधी उठल्या. जवळच्या गावातली एक आगरी बाई त्यांना खाचरांच्या बांधावरून पालापाचोळा आणून देत असे. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बुवा, एक दिस तुमी असाच पाला खाता खाता मराल, नि गाववाले मना धरतील."

"मेलो तर किती वाजता मेलो ते लिहून ठेव," वैद्यबुवा म्हणत. "म्हणजे उपयोग होईल."

लिहून ठेवणं हे त्यांचं वेड होतं. जाड पुठ्ठ्याच्या वह्या होत्या. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे 'दिसलं' आणि उजवीकडे 'वाटलं' असे दोन रकाने केलेले असत. रोगी म्हणाला, "बुवा, गुण आला," की ते चिडत. "गुण आला म्हणजे काय झालं? सकाळी काय झालं? दुपारी काय झालं? भाकरी किती खाल्ली?" रोगी बिचारा गोंधळून जाई. मग त्याचं 'गुण आला' उजव्या रकान्यात जाई, आणि डावा रकाना बहुतेक वेळा रिकामा राही.

मागचं अंगण झाडायची मला मनाई होती. पावसाळ्यात तिथे भुईआवळा, पुनर्नवा, माका असं काय काय उगवायचं. मला ते सगळं गवतच दिसे. एकदा मी खराटा घेऊन निम्मं अंगण लख्ख केलं. वैद्यबुवा ओरडले नाहीत. पण दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मला अंगणात उकिडवं बसवून एकेका रोपाची ओळख करून दिली. "हे भुईआवळा. यांच्या पानांखाली बघा, मण्यांची रांग आहे. ह्या पुनर्नवा. उन्हाळ्यात मेल्यासारख्या दिसतात, पण मेलेल्या नसतात." झाडांना ते अहो-जाहो करत.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, "तुमच्या घराण्याने इतके लोक बरे केले, मग तुम्ही स्वतःवर एवढा संशय का घेता?"

"बरे झालेले परत येऊन सांगतात, बाई," ते म्हणाले. "गेलेले कसे सांगायला येणार?"

मला तेव्हा वाटलं, हा माणूस विक्षिप्त आहे आणि थोडा निराशही.

राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पण पोटात मूल नव्हतंच. कल्याणच्या सूतिकागृहात सांगितलं की हा द्राक्षगर्भ आहे, द्राक्षांच्या घडासारखे नुसते फोड वाढतात. तो काढून टाकला. मी रडले, मग सावरले, कामाला लागले. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त जायला लागलं. खोकला लागला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर ठिपके दिसले. त्या द्राक्षगर्भाचा अंश मागे राहून त्याचाच कॅन्सर झाला होता. मी तेवीस वर्षांची होते.

तिथल्या डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील. स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी ह्यांना बाहेर बसवून मला एकटीला सांगितलं, "दोन वर्षांपूर्वी मी तुला घरी जा म्हणाले असते. आता एक नवीन औषध आलंय. पिवळ्या गोळ्या आहेत. पाच दिवस घ्यायच्या, मग काही दिवस थांबायचं, पुन्हा पाच दिवस. त्रास फार होईल. घेशील?"

मी हो म्हटलं.

रोग किती उरलाय हे बघायची त्यांची पद्धत ऐकून वैद्यबुवा खुळावलेच. माझ्या लघवीचा अंश बेडकाला टोचायचा, आणि काही तासांनी बेडकात ठरावीक खूण दिसली की रोग जिवंत आहे असं समजायचं. बाईला दिवस गेलेत का हे त्या काळी असंच बघत. माझ्या रोगाचीही खूण तीच होती. लघवी पाण्याने किती पातळ केली तरी खूण दिसते, त्यावरून रोगाचा जोर ठरे. "म्हणजे बेडूक सांगतो!" वैद्यबुवा ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणाले. "बेडकाला कुणाचं मन राखायचं नसतं. ह्याच्यासारखा साक्षीदार नाही." त्यांनी माझ्यासाठी वेगळी वही घातली आणि त्यात तिसरा रकाना आखला: 'बेडूक'.

पहिल्या पाच दिवसांनी माझं तोंड फुटलं. ओठांपासून घशापर्यंत फोड. पाण्याचा घोट सुरीसारखा उतरायचा. डोळ्यांत पिवळट झाक आली. त्या गोळ्या रोगाला मारता मारता माझं यकृतही कुरतडत होत्या. पण बेडकाने सांगितलं, रोग उतरतोय.

वैद्यबुवांना माझ्याकडे बघवेना. यकृत सांभाळायला, अंगात बळ यायला काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी भुईआवळा, पुनर्नवा आणि शेवग्याचा कोवळा पाला वाटून रस काढला. नेमाप्रमाणे आठ दिवस स्वतः प्याले. पण मला द्यायच्या आधी ह्यांना म्हणाले, "डॉक्टरबाईंना विचारून या. तीन वनस्पतींची नावं चिठ्ठीवर लिहून दिली आहेत. त्या हो म्हणाल्या तरच."

हे इस्पितळात जाऊन आले आणि म्हणाले, "हो म्हणाल्या."

दुसऱ्या खेपेला मी गोळ्या घेतल्या त्याच दिवसापासून रोज सकाळी पेलाभर हिरवा रस प्याले. आणि काय सांगू, चमत्कारच झाला! तोंडात जेमतेम दोन फोड आले. मी वरणभात खाल्ला. डोळे निवळले. सासूबाई कल्याणहून आल्या त्या वैद्यबुवांच्या पाया पडायला निघाल्या. ह्यांचा चेहरा कित्येक आठवड्यांनी उजळला. घरात आनंदीआनंद होता.

एकट्या वैद्यबुवांना तेवढं चैन पडेना. मला समोर बसवून त्यांनी तीन-तीनदा विचारलं, "बरं का वाटलं? नेमकं काय कमी झालं?" मी हसून म्हटलं, "सगळंच कमी झालं, बुवा. गुण आला म्हणा ना एकदा!" ते हसले नाहीत.

चार दिवसांनी बेडकाचा निकाल आला. रोग जिथल्या तिथे होता. तसूभर उतरला नव्हता.

वही छातीशी धरून वैद्यबुवा आमच्या दारात आले. चेहरा पांढराफटक. "पहिल्या खेपेला तुमचं तोंड फुटलं आणि रोग उतरला," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेला तोंड शाबूत राहिलं आणि रोगही शाबूत राहिला. बाई, मला हे आवडलेलं नाही. माझा रस दोघांनाही सांभाळतोय की काय? उद्या मी तुमच्याबरोबर येतो."

हे एकदम म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी विचारतो."

"नाही. मीच येतो."

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर निघाले. तोच लोकरी कोट, काखेत वह्या, हातात रसाची बाटली. डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्यावर त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कुठल्या वनस्पती, किती, कोणत्या दिवसापासून.

डॉक्टरबाई ऐकता ऐकता ताठ झाल्या. "शेवग्याचा पाला? कच्चा? पेलाभर? आणि रोज?" मग हातातलं पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असतं. त्याच्या जोरावर पेशी वाढतात. चांगल्या पेशी वाढतात तशा ह्या रोगाच्याही. माझ्या गोळ्या नेमक्या त्या जीवनसत्त्वाची वाट अडवतात. तुम्ही रोज पेला भरून मागच्या दाराने ते आत सोडत होतात! त्यानेच असं झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण झालं असू शकतं. तुम्हाला हे द्यायला परवानगी कुणी दिली?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची मान खाली होती आणि कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. त्या क्षणी मला कळलं. ह्यांनी विचारलंच नव्हतं.

वैद्यबुवांनीही ह्यांच्याकडे एकदा बघितलं. त्यांनाही कळलं असणार. मग ते डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाले, "कुणी नाही. मीच दिलं. चूक माझी आहे."

डॉक्टरबाई त्यांना खूप बोलल्या. अडाणीपणा, खेळ मांडलाय माणसाच्या जिवाशी, तुमच्यासारख्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे. सत्तरीला आलेला तो माणूस हात जोडून ऐकत होता. बाईंचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आता काय द्यायचं नाही ते सांगा. आणि त्रास कमी करायला काही द्यायचं असेल तर तेही सांगा. मी लिहून घेतो."

डॉक्टरबाई त्या उघड्या वहीकडे बघत राहिल्या. 'दिसलं', 'वाटलं', 'बेडूक'. त्यांनी ती ओढून घेतली, पानं उलटली आणि मग, इतका वेळ उभ्या असलेल्या वैद्यबुवांना म्हणाल्या, "बसा."

परत येताना ठाण्याच्या पुढे खाडी लागली तेव्हा हे रडायला लागले. "मला भीती वाटली, बुवा. डॉक्टरबाईंना राग आला आणि त्यांनी हिला सोडून दिलं तर? म्हणून मी चिठ्ठी खिशातच ठेवली."

"भीती मलाही वाटते," वैद्यबुवा म्हणाले. "पण मी स्वतः विचारायला हवं होतं. तुमच्या खांद्यावर टाकलं ते चुकलं." त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. हे मात्र पुरते बदलले. पुढच्या भेटीपासून हे डॉक्टरबाईंना इतकं विचारू लागले, की पोह्यांवर कोथिंबीर चालेल का असं विचारल्यावर त्या हात जोडून म्हणाल्या, "चालेल हो, चिमूटभर कोथिंबीर चालेल!"

तिसरी खेप रसाशिवाय. त्या दिवसांबद्दल फार लिहवत नाही. तोंडाची आग, घशाची आग, अंगावर पांघरुणाचं ओझं. पोटात घ्यायला डॉक्टरबाईंनी पाणी सांगितलं होतं, भरपूर पाणी. तोंडात लावायला वैद्यबुवांनी सुचवलेलं ज्येष्ठमधाचं तूप चालेल म्हणाल्या होत्या, पण नुसतं लावायचं, गिळायचं नाही. वैद्यबुवा ते तूप स्वतः कढवून, कापसाच्या बोळ्यावर घेऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ दारात उभे. तांदळाची पेज थंड करून पातळ फडक्यातून गाळत. तासातासाला पाण्याची वाटी पुढे करत आणि मी ती संपवेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहत. पाण्याचा प्रत्येक घोट मला शिक्षा वाटायचा. त्यांचं तोंड दिसलं की संताप यायचा.

एके दुपारी मी बोळा भिरकावला. "मला रस द्या! मेले तरी चालेल. एक दिवस बरं वाटू द्या मला!"

ते गडबडले नाहीत. बोळा उचलून धुवायला ठेवला. मग उंबऱ्यावर बसले. "मागा," ते म्हणाले. "रोज मागा. तुमचा हक्क आहे. मी रोज नाही म्हणेन."

आणि ते रोज नाही म्हणाले. मी शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, एकदा त्यांच्याशी बोलणं टाकलं. अंगणात शेवग्याचं झाड पाल्याने लगडलेलं होतं, मला खिडकीतून दिसायचं. एका सकाळी बघते तर आगरी बाई त्याच्या सगळ्या फांद्या छाटत होती. "बुवानी सांगितलान," ती म्हणाली. "तुजी नजर जाते म्हनं त्यावं."

त्या खेपेनंतर रोग पुन्हा उतरला. चौथ्या खेपेला रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरबाईंनी मध्येच थांबवलं आणि आम्ही धास्तावलो. मग पाचवी. मग सहावी. एका मंगळवारी हे ऑफिसातून थेट इस्पितळात जाऊन धावतपळत घरी आले. निकाल आला होता, बेडकात खूण नव्हती. पुढच्या महिन्यातही नव्हती. त्याच्या पुढच्याही. मग एक दिवस एक्स-रेतले ठिपकेही विरलेले दिसले. तोवर वैद्यबुवांनी मला एकदाही 'बऱ्या झालात' म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हणाले नाहीत. आत जाऊन बराच वेळ त्यांनी तोंडावर पाणी मारलं, ते मात्र मला ऐकू आलं.

गोळ्या बंद झाल्यावर दीड महिन्याने, डॉक्टरबाईंच्या हस्ताक्षरातली परवानगी घेऊन, त्यांनी मला ताकातून भुईआवळा दिला. डोळ्यांत उरलेला पिवळेपणा त्यानंतर गेला. मी वहीत डोकावले. डाव्या रकान्यात लिहिलं होतं, 'पिवळेपण गेलं. कशाने, माहीत नाही.'

डॉक्टरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुष्कळ वर्षं चालला. ते कागदात दाबलेली पानं पाठवत, खाली लिहीत, 'ह्यात काय आहे ते कळवावे. कळेपर्यंत कुणाला देत नाही.' बाईंची उत्तरं येत. बहुतेक उत्तरांत 'अजून कुणालाच माहीत नाही' असंच असे, आणि ते वाचून वैद्यबुवा खूश होत.

माझी गोष्ट मात्र पंचक्रोशीत भलतीच पसरली. डोंबिवलीच्या वैद्याने झाडपाल्याने कॅन्सर बरा केला! लोक येऊ लागले. खडवलीहून एक शेतकरी आपल्या बायकोला घेऊन आला. तिच्या छातीत गाठ होती. इस्पितळात जाण्यासाठी मिळालेली चिठ्ठी त्याने घडी करून टोपीत ठेवली होती, आणि म्हणत होता, "तिथं नको, बुवा. कापतात म्हणे. तुमचा पाला द्या."

वैद्यबुवांनी मला हाक मारली. "बाई, ह्यांना सांगा."

"काय सांगू?"

"झालं ते."

मला अवघड गेलं. ज्या माणसाने माझ्यासाठी इतकं केलं, त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच देखत मी सांगितलं की मी इस्पितळातल्या गोळ्यांनी वाचले, आणि बुवांच्या रसाने मी जवळजवळ हातची गेले होते. तो शेतकरी बुवांकडे बघू लागला. बुवा मान डोलावत होते, शाळेत मूल धडा बिनचूक म्हणतं तेव्हा मास्तर डोलावतात तशी.

"म्हणजे औषध नाहीच?" शेतकऱ्याने विचारलं.

"आहे. इथे नाही," वैद्यबुवा म्हणाले. "चला, मी येतो बरोबर." आणि त्या नवराबायकोला घेऊन ते स्टेशनाकडे चालू लागले. त्या दिवसानंतर कोणी आलं की हेच. मी सांगायचं आणि त्यांनी घेऊन जायचं. त्यातले काही वाचले, काही नाही वाचले, काही अर्ध्या वाटेतून दुसऱ्या वैद्याकडे गेले. सगळं वहीत आहे. त्या वह्या आता माझ्याकडे आहेत.

मला पुढे मुलगी झाली. ती दोन वर्षांची असताना वैद्यबुवा गेले. झोपेतच गेले. त्यांच्या बाराव्या दिवशी आम्ही पानं उचलत होतो, तेव्हा फाटकात एक बाई येऊन उभी राहिली. बरोबर म्हातारी आई. "वैद्यबुवा आहेत का? लांबून आलोय. कॅन्सरचा रस देतात ना ते?"

मी तिला म्हटलं, बुवा गेले. तिचा चेहरा पडला. मी दोघींना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि झालं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, रसासकट. मुलीला ह्यांच्याकडे दिलं. मग पदर खोचला आणि म्हटलं, "कागद असतील तेवढे बरोबर घ्या. मी येते."